हुळी की हुली

मेसेज अण्णाचा, माझ्या थोरल्या भावाचा. भाषा कानडी, अक्षरं इंग्रजी: ‘केरेगे हुली बंदिदे.’ तळ्यावर वाघ आलाय!

अण्णा निवृत्त झाल्यापासून घाटात राहतो, जंगलातल्या तळ्याकाठी. वहिनी गेल्यावर त्याला सोबत उरली ती तळ्यातल्या माशांची. सकाळी टाळी वाजवायची, मूठभर चुरमुरे फेकायचे, की सगळे वर. “माझी हजेरी घेतात ग तंगी,” म्हणायचा. तंगी म्हणजे धाकटी बहीण. आमच्या घरात बोलणं मराठी, पण हाका कानडीच.

मी इकडे सप्तापूरला, माझ्या घरी चहा पीत उत्तर पाठवलं, “वाघोबाला नमस्कार सांग!” वर तीन हसरे चेहरे. त्याला वाटलं, मी थट्टेवारी नेतेय. अण्णा एकदाच सांगतो, दुसऱ्यांदा सांगण्यात त्याला कमीपणा वाटतो.

दोन महिन्यांनी मी त्याच्याकडे गेले. तळाचा खडान्‌खडा दिसत होता. “अय्यो, किती स्वच्छ झालंय रे!”

अण्णाने टाळी वाजवली, चुरमुरे फेकले. ते पाण्यावर तसेच तरंगत राहिले.

मग त्याने मीच दिलेल्या तपासणीच्या कागदी पट्ट्या काढल्या. पाण्यात बुडवल्यावर पूर्वी हिरव्या व्हायच्या, आता पिवळ्या. “हुळी,” तो म्हणाला, “आंबट. लिहिलं होतं की तुला.”

इंग्रजीत ळ आहेच कुठे मेला! हुळी म्हणजे आंबट, हुली म्हणजे वाघ, आणि लिहिताना दोन्ही एकच.

मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. दूरच्या कारखान्यांच्या चिमण्यांचा, गाड्यांचा धूर वाऱ्याने डोंगरावर येतो, झाडांच्या पानांवर बसतो, पावसाने धुऊन मातीत उतरतो. मातीत चुना असेल तोवर ती आंबटपणा पचवते. इथल्या खडकात तो मुळातच कमी. तो सरला की आम्ल थेट तळ्यात जातं, जाताना मातीतलं ॲल्युमिनियम घेऊन जातं, आणि ते माशांच्या कल्ल्यांना बाधतं. पाणी नितळ दिसतं ते त्यात फारसं काही जगत नाही म्हणून. हे मी कितीदा फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. सख्ख्या भावाने कळवलं तेव्हा मात्र हसरे चेहरे पाठवले. अशी चीड आली स्वतःची!

“वेळेवर आले असते तर चुनखडीची भुकटी टाकून पाहिली असती,” मी म्हटलं, “थोडे मासे हौदात तरी काढले असते.”

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. उरलेले चुरमुरे त्याने खिशात घातले.

“वाघ असता तर बरं होतं, तंगी. पाणी पिऊन निघून गेला असता.”