ते डाएट आणि हे डाएट

मी आहारशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा गावात मला सगळे ‘बाई’ म्हणायला लागले होते. आमचं गाव चांदवडच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत. सुट्टीला नाशिकहून एसटीने आले की फाट्यावरचा पानटपरीवाला विचारायचा, “आल्या का बाई?” मला वाटायचं, शहरात राहते म्हणून चिडवतात. मीही ऐटीत मान हलवून पुढे जायचे. चुलती म्हणायची, “नोकरी जवळपासच घे गं, म्हंजी घरून येऊन-जाऊन करता येईल.” मी तोंडाने हो म्हणायचे आणि मनात म्हणायचे, इथल्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ कोण ठेवतंय!

आमचं घर एकत्र. थोरले चुलते, म्हणजे तात्या, सांगतील ती पूर्व दिशा. माझी बारावी झाली तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं की नोकरी मिळेल असं काही शिकणार असेल तर शिकू दे, नाहीतर स्थळं यायला लागलीच आहेत. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, तात्यांपुढे कधी मोठ्याने खोकलेसुद्धा नसतील. पण प्रवेशाला तेच माझ्याबरोबर नाशिकला आले, दिवसभर कॉलेजच्या आवारात बसून राहिले आणि संध्याकाळी घरी आल्यावर तात्यांनी “कशाला घातली?” असं विचारलं तेव्हा म्हणाले, “डाएटला.”

“बरं केलं,” तात्या म्हणाले आणि विषय संपला. मी आत कणीक मळत होते. आप्पांनी तो इंग्रजी शब्द एवढ्या लांबवर न सांडता आणला याचं मला कोण कौतुक वाटलं.

पहिल्या वर्षी मी वाट्या-चमचे मोजायला शिकले आणि दुसऱ्या वर्षी माणसांना उपदेश करायला. समुपदेशनाच्या तासाला मॅडम सांगायच्या, समोरच्याला अवघड शब्द वापरू नका. सावकाश बोला. शेवटी त्याच्याच तोंडून वदवून घ्या, की आता तुम्ही सांगा बघू, काय समजलं? त्याने बरोबर सांगितलं की शाबासकी द्या. आम्ही मैत्रिणी एकमेकींना पेशंट करून हे घोटायचो. मला ते फार छान जमायचं. घरी आले की मी आईला तेलावरून बोलायचे, चुलतीला मिठावरून, आणि तात्यांच्या चहातल्या साखरेकडे असं बघायचे की ते कप घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे. शहरातली थेरं म्हणून घरचे सोडून द्यायचे. एकूण मी तेव्हा असह्य असणार.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत मला भाषणाला बोलावलं. तात्या शाळेच्या समितीवर, त्यांनीच नव्या मुख्याध्यापकांना सुचवलं होतं. मी जय्यत तयारी केली. बाजरी, शेवग्याचा पाला, बायकांनी सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खायची सवय, सगळं डोक्यात नीट लावून ठेवलं. झेंडावंदन झालं, लेझीम झालं आणि मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला. “आता आपल्या गावची लेक, उद्याची शिक्षिका, डाएटची विद्यार्थिनी आपल्याशी बोलेल.” मी गोंधळले. माईक माझ्याकडे देता देता ते कौतुकाने म्हणाले, “मीही डाएटमध्ये प्रशिक्षणं केलीत. तुमचे सराव पाठ किती झाले?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शिक्षकांना प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था असते जिल्ह्याला, तिलाही डाएटच म्हणतात. म्हणजे दीड वर्ष अख्खं गाव मला मास्तरीण समजत होतं! ‘बाई’ म्हणजे शाळेतल्या बाई.

मी दोन वाक्यं शाळेबद्दल बोलून खाली बसू शकले असते. पण मला चूक दुरुस्त करायची खाज. मी माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाले, “सरांचा गैरसमज झालाय. ते डाएट वेगळं आणि हे डाएट वेगळं. मी शिक्षिका होणार नाहीये. माणसानं काय खावं, किती खावं, याचं शिक्षण मी घेते.”

मग मागून कोणीतरी म्हणालं, “म्हंजी आचारीण!” आणि हशा पिकला. मोठी माणसं हसली म्हणून पोरंही हसली. तात्या पुढच्या खुर्चीत बसले होते. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, त्यांनी मान वळवून आप्पांकडे बघितलं. आप्पा खाली बघत होते. मी माझं भाषण शेवटपर्यंत म्हटलं. कोणाच्या कानात काही शिरलं असेल असं वाटत नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर लाज वाटली ती आप्पांची. पोरगी काय शिकते हेसुद्धा ज्यांना धड कळलं नाही, आणि तरी जे दीड वर्ष लोकांत मिरवत राहिले, असे आपले वडील. घरी येताना मी त्यांच्या पुढे पुढे चालत राहिले. ते कांद्याच्या चाळीकडे निघून गेले.

दिवेलागणीला ते खाटेवर येऊन बसले तेव्हा मी त्यांच्यासमोर बसले आणि समजावून सांगायला लागले. सावकाश, सोप्या शब्दांत. “आप्पा, ते डाएट म्हणजे मास्तर लोकांचं. माझं डाएट म्हणजे खाण्यापिण्याचं. शुगर, बीपी असलेल्या माणसांना काय खायचं ते सांगायचं. दवाखान्यात नोकरी असते.” ते मान डोलवत होते. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, “आता तुम्ही सांगा बघू, काय समजलं?”

आप्पांनी एकदा आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. “ते मास्तर लोकांचं,” ते म्हणाले. “तुझं खान्यापिन्याचं. दवाखान्यातलं.”

“छान,” मी म्हणाले. आई चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाला बसले असताना तात्यांनी विषय काढला. माझी बॅग भरलेली होती, पण तात्यांनी जा म्हटल्याशिवाय मी जाणार कशी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. आप्पांना म्हणाले, “तुला ठावं व्हतं का हे? का पोरीनं तुलाबी गंडवलं?”

सुटायची वाट त्यांनीच करून दिली होती. आप्पांनी नुसती मान हलवली असती तरी त्यांची अब्रू वाचली असती. माझं शिक्षण मात्र तिथेच संपलं असतं.

आप्पांनी बशी खाली ठेवली. “पोरीनं न्हाय गंडवलं, तात्या. ॲडमिशनच्या दिवशीच मला समजलं व्हतं. तिथल्या मॅडमनी सगळं सांगितलं मला. तुम्हाला मास्तरकीचं वाटलं, मी वाटू दिलं. नायतर तुम्ही पाठवली नसती.”

“माझ्याशी खोटं बोलला तू?”

“व्हय.”

तात्या तसेच उठले. चहा तिथेच राहिला. मार्केटला कांदा घेऊन जाताना ते आप्पांना कायम बरोबर न्यायचे, त्या दिवशी एकटेच गेले. आजही एकटेच जातात.

मला कोणी जा म्हणालं नाही, नको जाऊही म्हणालं नाही. आप्पांनी माझी बॅग उचलली आणि चालायला लागले. फाट्यापर्यंत मी त्यांच्या मागे चालत होते आणि मला कालची संध्याकाळ सहन होत नव्हती. ज्या माणसाला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्याला मी पहिलीतल्या पोरासारखं समोर बसवलं होतं, त्याच्याकडून धडा म्हणवून घेतला होता, वर शाबासकी दिली होती. आणि त्याने निमूटपणे म्हणून दाखवला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं तर नुसतं “आप्पा” एवढंच बाहेर आलं.

एसटी लांबून दिसायला लागली. आप्पांनी बॅग माझ्या हातात दिली. “आता कोनी इचारलं तर खरं तेच सांगतो,” ते म्हणाले. “काल म्हणून दाखवलं ते बरोबर व्हतं ना?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी हो म्हणाले आणि गाडीत चढून, खिडकीतून आप्पा दिसणार नाहीत अशा पलीकडच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले.