कानात सांगायचं नाव

ज्यावरून चिडवता येणार नाही असं नाव जगात नाही. इतकी वर्षं शाळेत हजेरी घेतल्यावर हे मी छातीठोकपणे सांगते, आणि धाकट्या भावालाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण तो ऐकेल तर ना! लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून, त्याच्या घरात पाळणा हलायची वेळ आली होती. त्यात नवराबायको दोघंही आयटीतली. सॉफ्टवेअर तपासावं तशी दोघं नावं तपासायला बसली. हिंदीत कसं ऐकू येईल, इंग्रजीत त्याचं काय होईल, अर्धं तोडलं तर काय उरेल, कशाशी यमक जुळेल. जेवताना तेच, गाडीत तेच. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

सुट्टीच्या दिवशी दोघं ऐरोलीहून नेरूळला माझ्याकडे यायची. मी परीक्षक. एकदा फुलाचं नाव आणलं. मी म्हटलं, ह्या नावाची अगरबत्ती निघते, पोरं नाकाशी हात नेऊन वास घेतील. एकदा संस्कृत आणलं, जोडाक्षरांनी गच्च भरलेलं. मी म्हटलं, पहिल्या आठवड्यातच त्याचे तुकडे करतील आणि सर्वांत वाईट तुकडा हाक मारायला ठेवतील. भावजय हिरमुसायची. मला वाईट वाटायचं, पण वर्गात बसून मी जे रोज ऐकते ते कसं लपवू? शेवटी एकदा मीच वैतागून म्हणाले, चिडवलं तर चिडवलं, सगळ्यांनाच चिडवतात, पोरं रडतात आणि विसरतात.

"दादा विसरला होता का?" धाकटा म्हणाला.

भावजय चहाचे कप उचलून आत गेली.

दादा म्हणजे आमचा थोरला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. अर्थ सांगते: कचरा. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावी आईची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरा हा झाला तेव्हा बायकांनी त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, शेजारणीनं उचलला, आणि आईनं मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घेतला. नाव ठेवलं तेही उकिरड्यावरचंच. मरण दारात आलंच तर म्हणेल, ही घाण कोण नेतंय, आणि तसंच परत जाईल. आणि खरंच, दादा जगला. पाठोपाठ मी, बऱ्याच वर्षांनी धाकटा, आम्हीही जगलो. आमची नावं चारचौघांसारखी ठेवली. आई म्हणायची, दारात दादा उभा आहे, तेवढा बास.

गावात त्या नावाचं कुणाला काही वाटत नव्हतं. अशा नावाची माणसं घरटी एक होती. पण वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून लागले, आम्ही तुर्भ्याला राहायला आलो, आणि शाळेत पहिली हजेरी झाली. त्याचं नाव आलं की वर्ग हसायचा. रोज. मास्तरांनाही हसू आवरायचं नाही. मी शेजारच्या वर्गात असायचे, भिंतीपलीकडून तो हशा ऐकू आला की मला कळायचं, आता दादानं 'हजर' म्हटलं. सफाईचा तास असला की विचारूच नका. आणि दादाही त्यांच्याबरोबर हसायचा, हे मला सर्वांत जास्त झोंबायचं. अरे, एकाला तरी धरून बदडायचं ना! पण नाही. तो हसायचा.

धाकटा बोलायला लागला तेव्हाची गोष्ट. दादा त्याला खांद्यावर बसवून फिरवायचा आणि वस्तीतली पोरं मागून सुरात ओरडायची. एके दिवशी धाकटा घरी आला तो तोच सूर म्हणत, टाळ्या वाजवत. त्याला वाटलं गाणं आहे. दादा तेव्हाही हसला. धाकट्याला ते आठवतं की आम्ही सांगून सांगून आठवायला लागलं, कोण जाणे. पण ते हसणं काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

पुढे दादाला नोकरीच्या मुलाखतीला बोलावलं. समोर दोघं बसले होते, दोघंही हसले म्हणे. घरी आला आणि म्हणाला, बास झालं. गॅझेटात नाव बदलून घेतलं. नवं नाव इतकं छान होतं, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला दुसऱ्याच कुणाचं वाटलं. वस्तीत पेढे वाटले पठ्ठ्यानं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई काय ऐकायची नाही. तू तरी आता त्या नावानं हाक मारू नको." मी शब्द दिला. त्याच वर्षी त्याला कावीळ झाली. साधी वाटली, मग एकाएकी डोक्यात गेली, आणि बघता बघता आमचा दादा गेला. मी शेवटपर्यंत नव्या नावानंच हाका मारत होते. दिलेला शब्द पाळत होते, मूर्खासारखी.

आई रडली, पण कमी. दिवस झाल्यावर एकदा भाकरी थापता थापता, कुणाशी बोलावं तसं नाही, सहजच म्हणाली, "इतकी वर्सं मरणाला घावत नव्हता. नवं नाव लावलं आन् पत्ता कळला." त्यानंतर त्या घरात मला कधी एकटीला बसवलं नाही.

म्हणून धाकट्याला मुलगी झाली आणि आईनं मला बोलावणं धाडलं, तेव्हाच मी काय ते ओळखलं. मी आत्या. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. आई म्हणाली, पाळण्यावर काय लिहायचं ते लिहा, शाळेत काय घालायचं ते घाला, मला कळत नाही त्यातलं. पण कानात पहिल्यांदा दादाचं जुनं नाव सांग, कुणाला ऐकू न देता. एकदा कानात पडलं की झालं. मी म्हटलं, आई, तो काविळीनं गेला. ती म्हणाली, "कावीळ घरोघर येती, पोरी. नेत न्हाय सगळ्यांस्नी." मी विज्ञान शिकवते, आणि तरी तिला 'बरं' म्हणून उठले.

धाकट्याला ह्याचा कसा सुगावा लागला कोण जाणे. असा भडकला की मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाला, त्या नावानंच दादाला मारलं, आतून, रोज थोडं थोडं, आणि तेच माझ्या लेकीच्या कानात? तू शपथ घे ताई, की नाही सांगणार. एकच दादा, आणि त्याच्या मरणाची आई आणि धाकट्याकडे दोन कारणं. कावीळ कुणाच्याच हिशेबात नव्हती. मी आईला हो म्हटलं, धाकट्यालाही हो म्हटलं. पालकसभेत आम्ही दुसरं काय करतो?

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. भाड्याचा पाळणा, फुग्यांची कमान, मोठ्या आवाजात गाणी. नाव शेवटी ठरलं होतं दोन अक्षरी, साधं, स्वच्छ. मला त्यात काही खोट काढता आली नव्हती आणि भावजयीला त्याचा कोण आनंद. आई पाळण्याच्या उशाशी खुर्ची घेऊन बसली होती. मी वाकले. मागे बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला सरसावून उभ्या, चेष्टामस्करी चाललेली. खरं सांगते, वाकले तेव्हा आईचंच ऐकायचं असं मनाशी ठरवून वाकले होते. तो इवलासा कान जवळ आला, आणि माझ्या तोंडून ते नाव निघेना. इतक्या वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. दादाला दिलेला शब्द आडवा आला. मी ठरलेलं नावच सांगितलं, 'कुर्र' केलं, पाठीत धपाधप बुक्के बसले आणि मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, आत्याला लागलं. केवढ्या हसल्या!

जेवणं चालू असताना आईनं नजरेनंच विचारलं. मी मान डोलावली, हो म्हणून. हात धुताना धाकट्यानं विचारलं. त्याला म्हटलं, ते नाव नाही सांगितलं. त्यानं माझा हात दाबला. त्या दिवसापासून आई इतकी शांत झाली, की बघून मला धडकी भरायची. सुनेला म्हणायची, खुशाल फिरवा पोरीला, काही होत नाही. नजर काढणं सोडलं, अंगारा लावणं सोडलं. सगळं माझ्या एका खोट्यावर सोडून बाई निर्धास्त झाली. आणि तिची सगळी भीती माझ्याकडे राहायला आली. बाळ खोकलं असं फोनवर कळलं तरी माझं वर्गात लक्ष लागायचं नाही. हजेरी घेताना मध्येच थांबायचे. वाटायचं, आता ते नाव येईल. यादीत नसायचंच ते, तरी मी पुढचं नाव वाचायच्या आधी क्षणभर घाबरायचे. विश्वास नाही हो माझा असल्या गोष्टींवर. भीतीला विश्वास लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मुलगी रांगायला लागली आणि तापानं फणफणली. ती आता बरी आहे, माझा चष्मा ओढून फेकते, हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. पण त्या दिवशी आम्हाला हे कुठे माहीत होतं? सकाळी आकडी आली, डोळे फिरवले, आणि दोघांनी तिला तशीच उचलून हॉस्पिटलात नेलं. मी शाळेतून परस्पर गेले. भावजय आत होती. डॉक्टर म्हणाले होते, ताप डोक्यापर्यंत गेलाय का ते तपासतोय. डोक्यापर्यंत. दादाची कावीळही डोक्यातच गेली होती.

आईला फोन केला. वाटलं, रडेल, ओरडेल. ती पलीकडून अगदी मजेत. "घाबरू नका गं. तिचा पत्ता कुणाला ठावं हाय?" मी फोन ठेवला. तो शांत आवाज आजही कधी भर दुपारी आठवतो.

धाकटा कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी उभा होता. दाढी वाढलेली, पायात घरातल्या चपला. मी शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ताई, बारशाच्या दिवशी तू मला खोटं सांगितलंस ना?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, काय खोटं?

"आईचं ऐकलं होतंस ना तू? मी चिडेन म्हणून मला नाही म्हणालीस. हो ना? सांग की खोटं सांगितलं होतं म्हणून."

महिनोन् महिने नावं तपासणारा, मला शपथ घालणारा माझा भाऊ, तोंड वेडंवाकडं करून माझ्याकडे बघत होता. मी एक खरं बोलले होते, आणि तेवढंच त्याला नको होतं.

"हो," मी म्हणाले. "खोटं सांगितलं होतं. कानात पहिल्यांदा तेच सांगितलं."

तो तिथेच बाकावर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मधूनमधून म्हणत होता, बरं केलंस, बरं केलंस. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पण मला तिथे उभं राहवेना. आता मला आत जाणं भागच होतं.

नर्सनं गाऊन दिला, मास्क दिला, म्हणाली पटकन या. भावजय पलंगाच्या कडेला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपली होती. बाळाच्या हातावर पट्ट्या, सलाईन, ओठ कोरडे पडलेले. मी मास्क खाली केला आणि वाकले. ह्या वेळी मागे कुणी हसत नव्हतं. मनात म्हटलं, दादा, माफ कर, तुला दिलेला शब्द मोडते आहे. आणि ते नाव घेतलं. कुजबुजून सांगायचं होतं, पण निघालं ते तसं नाहीच. लहानपणी तिन्हीसांजेला दारात उभी राहून मी त्याला जेवायला हाक मारायचे, अगदी त्याच सुरात निघालं.

नाव घेतलं आणि सवयीनं थांबले. हाक मारली की तो कुठूनही 'आलो गं' म्हणायचा. मी तशीच वाकून राहिले, कान देऊन. तो येऊ नये म्हणून देवाचा धावा करत होते, आणि वाटही बघत होते.