आमच्या गल्लीचा भोंगा

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा सांगून येत नाही. यायच्या आधी पाइपात हवा फुसफुसते म्हणे. ती फुसफुस अख्ख्या गल्लीत एकट्या नागूबाईला ऐकू यायची. भाजी चिरता चिरता ती मान वर करायची, पदर खोचायची आणि उलथन्यानं ताट बडवत सुटायची, "आलं गं बायांनो, आलं!" आम्ही तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. मिलचा भोंगा कधीच बंद पडला, आमचा चालू होता.

मी भिंतीला भिंत लावून शेजारीण. तिच्याकडं चमचा पडला तर कुणाच्या हातून पडला ते मी सांगेन. त्यामुळं मला ठाऊक होतं, हा भोंगा कधी गप बसतच नाही. काल पाणी येऊन गेलेलं, पिंप काठोकाठ भरलेलं, तरी ही नळाला कान लावून उभी. जेवता जेवता उठणार, गॅस बघणार, कडी बघणार, परत नळ. तिचा नवरा यशवंतभाऊ म्हणायचा, "वयनी, बायकू न्हाय केली मी, टिटवी पाळलीय."

आम्हाला ते गुण वाटायचे. इतके, की भीमजयंतीला मंडळानं 'गल्लीची पाणीदार माय' म्हणून तिला शाल-श्रीफळ दिलं. फोटो काढायच्या ऐन वेळी बाई नारळासकट स्टेजवरून उतरून पळाली. पाइप वाजल्यासारखा वाटला म्हणे! आम्ही पोट धरधरून हसलो आणि टाळ्या वाजवल्या.

खरी गोची पुण्यातून आली. लेक संघपाल तिकडं नोकरीला. सून बुद्धप्रिया बाळंत व्हायची होती, आणि तिला माहेरची आई नाही. संघपालनं फोन केला, "आई, तूच ये. दुसरं कोन हाय आमाला?"

"येते की!" नागूबाई म्हणाली. डिंकाचे लाडू वळले, दुपटी शिवली. एसटी स्टँडवर गाडी लागली आणि हिचे पाय जमिनीला चिकटले. छाती धाडधाड, बोटांना मुंग्या, अंगाला दरदरून घाम. "मी मेले गं सिद्धम्मा!" मला धरून मटकन खाली बसली. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, तर हृदय ठणठणीत. दुसऱ्यांदा निघाली, तेव्हाही स्टँडवरूनच माघारी.

मग गल्लीत कारणं शोधायची जत्रा भरली. समोरची गिरिजाबाई म्हणाली, सत्कारात नजर लागली. यशवंतभाऊ म्हणाला, मोबाइल. मी म्हणाले गॅस, आणि ओव्याचा काढा पाजला. ज्यानं त्यानं आपलं औषध दिलं. काळजी होती तिथंच राहिली, वर पोट बिघडलं. हळूहळू ती जेवायच्या ताटाजवळ बसून नुसती रडायला लागली. केस विंचरेना, लाडवांच्या डब्याकडं बघेना.

"मला नातवंड हातात घ्यायचंय गं. पन पायच उचलत न्हाईत. असली कसली आजी मी?"

पट्टी काढणाऱ्या डॉक्टरांनीच मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. मी सोबत गेले. घरी बसून मला काय कळणार होतं? तरुण डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "बाई, नेमकं कशानं झालं ते एका शब्दात सांगा. गल्लीत सांगायला बरं पडतं."

त्या हसल्या. "एकाच कशानं होत नाही मावशी." मग एकेक विचारत गेल्या. नागूबाईची आईही अशीच, उठून उठून कडी बघणारी. बाप मिलमध्ये. ही शाळकरी असताना एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. बाप दाराशी बसून राहिला आणि सगळं घर कान देऊन. पुढं वर्षानुवर्षं अर्धीमुर्धी झोप. रक्तही तपासायला दिलं, थायरॉइडनंही असं होतं म्हणाल्या.

"आणि दरवेळी यांनी कान लावला, की आज ना उद्या पाणी यायचंच. मनानं धरलं, मी ऐकते म्हणून येतं. मी हलले की नळ कोरडा. मग गाव कसं सोडवेल? वर तुम्ही सगळ्यांनी त्या आजाराला हार घातलात."

मी उगाच पदर सारखा केला.

गोळ्या दिल्या आणि एक अभ्यास दिला. नळाकडं जावंसं वाटलं की जायचं नाही, बसून राहायचं. छाती धडधडली तर धडधडू द्यायची, धडधड आपोआप उतरते.

काही आठवडे गेले. एका दुपारी भिंतीपलीकडून घोरणं ऐकू आलं. नागूबाई आणि दुपारची झोप! मी कौतुकानं ऐकत बसले, आणि तेवढ्यात पाणी येऊन गेलंसुद्धा. ताट वाजलं नाही. गल्लीत एक घागर भरली नाही.

गिरिजाबाई रिकामी कळशी घेऊन दारात हजर. "गोळ्यांनी वाट लावली बाईची! आदी कशी चपळ हुतीस. बंद कर त्या."

नागूबाई शरमली आणि तिनं खरंच बंद केल्या. भोंगा पुन्हा सुरू झाला. गल्ली खूश, पण हिची झोप पुन्हा उडाली, जेवण तुटलं. अशात संघपालचा फोन, "आई, कवाबी हुईल म्हनत्यात." फोन ठेवला तशी ती नळापाशीच बसली.

यशवंतभाऊ सहसा आवाज चढवत नाही. तो उठला, ताट-उलथनं उचललं आणि माझ्या हातात कोंबलं. "वयनी, आजपासनं भोंगा तुमी. माझी बायकू पुन्याला जानार हाय."

पुन्हा डॉक्टरीणबाई. आपल्या मनानं गोळ्या सोडायच्या नाहीत म्हणून नवरा-बायको दोघांनाही दम मिळाला. थोडी सावरली तसं स्टँड गाठलं. गाडीच्या पायरीपाशी नागूबाई थांबली. चेहरा पांढराफटक. यशवंतभाऊ आत जाऊन पिशवी ठेवून बसलेला.

"धडधडतंय गं."

"मग? घरी जायचं?" मी विचारलं.

तिनं दांडी धरली. "धडधडू दे," म्हणाली आणि चढली.

मोहोळहून फोन, "फुसफुसतंय का?" टेंभुर्णीहून फोन. इंदापूरहून फोन. मग फोन आलाच नाही.

इकडं माझी दैना. कुकर फुसफुसला की मी उठते. गिरिजाबाईनं सुस्कारा टाकला की ताट उचलते. भाजी करपली, नवऱ्याचं घोरणंही पाइपातून येतंय असं वाटायला लागलं. शेवटी एकदाचं पाणी आलं. मी गल्लीभर ताट बडवलं आणि धापा टाकत पुण्याला फोन लावला.

"नागूबाई, आलं गं पानी!"

"कुटलं पानी?" ती म्हणाली. मागून बारीक टॅहँ ऐकू आलं. "ठेव बाई फोन, लेकरू उठलंय."