पाच गोळ्यांचं एकच भोक

रविवार, सकाळचे पावणेदहा. नगरच्या एमआयडीसीच्या पुढं, खडीच्या बंद पडलेल्या खाणीत आमच्या रायफल क्लबची पंचवीस मीटरची रेंज. लेन पाच, चालू दोन. दुसऱ्या लेनवर रुबीना शेख, वय वीस, हातात क्लबचं जुनं पॉईंट टू टू पिस्तूल.

रेंज सांभाळणाऱ्या सुभेदारांनी 'लोड' म्हटलं. रुबीनानं मॅगझीन बसवलं, गोळी नळीत नेणारा बोल्ट पुढं सोडला आणि गोळी सुटली. 'स्टार्ट' म्हणायच्या आधी. तिच्या बुटापासून हातभर पुढं फरशीचा टवका उडाला.

मागच्या बाकावर मी आणि तिचे वडील इस्माईलभाई बसलो होतो. त्यांचा चहाचा कप ओठापाशी तसाच राहिला. रुबीना पिस्तूल समोर धरून पुतळ्यासारखी उभी. मान न वळवता म्हणाली, "सर, मी ट्रिगरला बोटच लावलं नव्हतं."

अठ्ठावीस वर्षं बातमीदारी केली की किस्से साठत जातात, माळ्यावरच्या रद्दीसारखे. बहुतेक हसत सांगता येतात. या क्लबचेही मी इतके दिवस हसतच सांगत आले. हल्ली ते तोंडानं सांगता येत नाहीत, म्हणून एकदाचे लिहून काढते आहे.

मी मूळची खर्ड्याची. लढाईच्या गावची बाई म्हणजे हिला बंदुकीची कसली भीती, असं ऑफिसात सगळ्यांना वाटतं. म्हणून रुबीनावर लेख लिहायला संपादकांनी मला पाठवलं. लेख छापून झाला, पण त्या टवक्यानंतर माझं जाणं सुटेना. राज्य स्पर्धा तीन महिन्यांवर आली होती. नवीन पिस्तूल येईपर्यंत या पोरीच्या हातात तेच पिस्तूल राहणार होतं, जे स्वतःच्या मनानं सुटतं.

*

ते असं का झालं, त्याचीही एक गोष्ट आहे.

नियम असा की या प्रकारात ट्रिगरनं एक किलो वजन पेललं पाहिजे. रिकामं पिस्तूल ताणायचं, ट्रिगरला किलोचं वजन अडकवायचं आणि उचलायचं. खटका पडला नाही तर पास. आमच्या क्लबचं वजन हरवलं होतं, म्हणून सेक्रेटरींनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून किलोचं माप आणलं. त्याला सुतळी बांधली. क्लबचं अधिकृत वजन तयार!

सेक्रेटरी म्हणजे भाऊसाहेब. गाड्यांच्या शोरूमचे मालक, स्वभावानं दिलदार, पण आपल्याला सगळं कळतं या आजारानं पछाडलेले. ट्रिगर जितका हलका तितका नेम चांगला, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्यांनी पिस्तुलाचा आतला भाग एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून घासून आणला. किराण्याचं माप जेमतेम पेलेल, इतका.

विभागीय स्पर्धेत पंचांनी त्यांचं वजन अडकवलं आणि उचलायच्या आधीच खटका पडला. पिस्तूल बाद. रुबीना एकही गोळी न मारता बसनं परत आली; राज्य स्पर्धेतली तिची जागा आधीच्या गुणांवर टिकली, एवढंच. पुन्हा वजन करून पाहिलं तेव्हा कळलं, मापाच्या बुडातलं शिसं कधीचंच निघून गेलं होतं.

आता शहाणा माणूस पिस्तूल दुरुस्तीला पाठवेल. भाऊसाहेब दुकानदाराशी भांडायला गेले. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्या मापानं आजवर कुणी मेलं नाही."

*

अखेर कमिटी नवीन पिस्तूल घ्यायला तयार झाली. पुण्याहून एजंट आला. टेबलावर चार परदेशी कंपन्यांची माहितीपत्रकं. एकाची नळी, एकाचा तोल, एकाची बदलता येणारी साईट. लग्नाच्या स्थळासारखी चर्चा चालली होती. एका सभासदाला सुंदर मुठीचं हवं होतं, दुसऱ्याला भारी पेटीचं.

मग एजंटनं पाकिटातून एक कार्ड काढलं आणि माहितीपत्रकं बाजूला सरली. कारखान्यात प्रत्येक पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरून पंचवीस मीटरवरून पाच गोळ्या मारतात आणि तो कागद पिस्तुलासोबत पाठवतात. त्या कार्डावर पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक होतं, आठ आण्याच्या नाण्याखाली झाकलं जाईल एवढं. ते कार्ड हातोहात फिरलं. काहींनी तर प्रसाद घ्यावा तसं दोन हातांनी घेतलं.

मग दुसऱ्या कंपनीचंही कार्ड निघालं. दोन्ही भोकांत मिलिमीटरभराचा फरक होता. त्यावर पाऊण तास वाद झाला. सुभेदार गव्हाणे कोपऱ्यात बसून ऐकत होते. नेवाशाकडचे, रणगाड्यांवर आयुष्य गेलेलं, बोलणं मोजकं. शेवटी ते म्हणाले, "साहेब, ही समदी आपल्या हातापेक्षा चांगली मारत्यात. भोक काय मोजताय? पोरीच्या हाताला कंचं बसतंय त्ये बघा."

मी विचारलं, "यातलं कुठलं आपोआप सुटत नाही?"

एजंट गोंधळला. म्हणाला, "मॅडम, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही."

सगळे हसले. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये मुठीच्या मापासाठी वापरणाऱ्याच्या पंजाचं चित्र काढायची जागा होती. भाऊसाहेबांनी बाह्या सरसावून स्वतःचा पंजा ठेवला, एजंटनं भोवती पेन्सिल फिरवली. रुबीना तेव्हा बाहेर लेनवर होती. खिडकीतून तिच्या गोळ्यांचा आवाज येत होता. मला मात्र दोन आवाजांच्या मधली शांतताच ऐकू येत होती.

*

पिस्तूल आलं. भाऊसाहेबांनी उद्घाटन ठेवलं. मांडव, हार, पेढे आणि एक पुढारी.

पुढाऱ्यांनी पिस्तूल हातात घेतलं, समोर टार्गेटकडं धरलं. इथपर्यंत ठीक. तेवढ्यात मागून फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, जरा इकडं."

साहेब इकडं वळले. पिस्तुलासकट.

सगळा मांडव एका क्षणात वाकला. बायका, पोरं, सत्काराची ताटं धरलेले कार्यकर्ते, सगळे. मीही वाकले, आणि माझं कपाळ पुढच्या खुर्चीवर आपटलं. एकटे सुभेदार वाकले नाहीत. ते पुढं गेले, साहेबांचं मनगट धरलं आणि नळी पुन्हा टार्गेटकडं वळवली. पिस्तूल रिकामं होतं. पण ते रिकामं आहे हे तिथं फक्त सुभेदारांना माहीत होतं.

मी ऑफिसात जाऊन सगळं जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी बातमीतला तो परिच्छेद गायब. फोटो मात्र चार कॉलम. हातात पिस्तूल घेतलेले साहेब, समोर कमरेत वाकलेली तीस-चाळीस माणसं. खाली ओळ: 'मान्यवर उपस्थितांचे अभिवादन स्वीकारताना.'

मी संपादकांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. ते चष्मा पुसत म्हणाले, "पण फोटो चांगला आलाय ना?"

*

खरी भीती त्यानंतर सुरू झाली.

मूठ भाऊसाहेबांच्या पंजाची. रुबीनानं नवीन पिस्तूल धरलं तर बोटाचं टोक ट्रिगरला कसंबसं लागे. इस्माईलभाई सुतार आहेत, नगरमधल्या कितीतरी बंगल्यांची दारं त्यांच्या हातची. त्यांनी ती मूठ उलटीसुलटी करून पाहिली, वास घेतला. मला म्हणाले, "अक्रोड हाय, ताई. अर्ध्या तासाचं काम. नुसती कानस लागंल."

भाऊसाहेबांनी मूठ त्यांच्या हातातून काढून घेतली. फॅक्टरीचा माल आहे, वॉरंटी जाईल, कुणी हात लावायचा नाही. लहान मूठ परदेशातून मागवू. ज्या माणसानं जुन्या पिस्तुलाचं आतडं घड्याळवाल्याच्या हातात दिलं होतं, तो हे बोलत होता!

लहान मूठ काही आली नाही. नवीन पिस्तूल मखमलीत, लॉकरमध्ये. सुभेदारांनी जुन्या पिस्तुलावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली. पुढच्या रविवारी चिठ्ठी नव्हती. लॉकरच्या किल्ल्या दोन, एक सुभेदारांकडं, एक भाऊसाहेबांकडं. लहान मूठ येईपर्यंत मुलीनं सराव सोडायचा का, एवढाच भाऊसाहेबांचा सवाल. सुभेदारांनी नाही म्हटलं, तर रुबीनाच त्यांच्या पाया पडली.

तिनं स्वतःपुरती एक रीत काढली. पायापुढं वाळूचं पोतं. नळी पोत्याकडं करून एकेकच गोळी भरायची, आणि भरण्याआधी मोठ्यानं सांगायचं, "लोड करतेय." तिच्या शेजारच्या लेनवर आता कुणी उभं राहत नसे. एकदा ती मला म्हणाली, "मॅडम, गोळी मधल्या दहाला लागली की पूर्वी आनंद व्हायचा. आता फक्त वाटतं, चला, ही गेली."

इस्माईलभाई दुकान बंद ठेवून यायचे आणि तिच्या बरोबर मागं, त्याच बाकावर बसायचे. प्रत्येक गोळीला मांडीवर एकेक बोट मिटायचे. पाच झाल्या, मूठ वळली, की श्वास सोडायचे. त्यांच्याबरोबर मलाही ती सवय लागली. आम्ही दोघं बाकावर बोटं मिटत बसलेलो पाहून सभासद चेष्टा करायचे.

मी एकदा त्यांना विचारलं, तिला थांबवत का नाही?

त्यांनी मांडीवरची मिटलेली बोटं उघडली. मग म्हणाले, "थांबवलं तर ती घरात बसंल, ताई. मग पुन्हा काय मागनार न्हाई ती. आणि न्हाई थांबवलं तर... म्हनून मी हितं बसतो. मला दुसरं काय येतंय?"

*

याच दिवसांत भाऊसाहेबांनी नवीन पिस्तुलाचं कार्ड फ्रेम करून घेतलं. सोनेरी पट्टी, काच, मधोमध ते पाच गोळ्यांचं एकच भोक. एका रविवारी आम्ही गेलो तर फ्रेम लागलेली. पण कुठं? आमच्या बाकामागच्या भिंतीवर, आणि इतकी खाली की टेकून बसलं की इस्माईलभाईंची टोपी काचेला घासायची.

मी हसले. अख्खी भिंत मोकळी असताना ही काय जागा झाली? भाऊसाहेब म्हणाले, "बसलेल्या माणसाला नीट दिसावी म्हणून."

"भाऊसाहेब, बसलेल्या माणसाच्या ती पाठीमागं आहे."

सगळे हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांना फोन आला आणि ते बाहेर गेले. मी हाही किस्सा खिशात टाकला. त्यानंतर तीन रविवार आम्ही दोघं त्या फ्रेमला डोकं लागू नये म्हणून जरा सरकून बसलो. ते डावीकडं, मी उजवीकडं.

*

चौथ्या रविवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, मला त्या कार्डाचा फोटो हवा होता. काचेवर खिडकीचा उजेड पडत होता, म्हणून मी फ्रेम खिळ्यावरून उतरवली.

मागं भिंतीत भोक होतं.

करंगळीचं टोक जाईल एवढं. भोवतीचा गिलावा बशीएवढा उडालेला. खाली कडेला चुना लावून ते भोक बुजवायचा कुणीतरी प्रयत्न केला होता आणि अर्धवट सोडला होता.

मी सुभेदारांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, खिशातली टॉर्च भोकात मारली, मग पेन्सिल घालून पाहिली. "पॉईंट टू टू," ते म्हणाले. "आत हाय अजून."

इस्माईलभाई उठले नाहीत. बसल्या जागी त्यांनी मागं हात नेला आणि तळहातानं अंतर पाहिलं, भोकापासून स्वतःच्या कानापर्यंत. मग भोकापासून मी जिथं बसते तिथपर्यंत. दोन्हीकडं वीतभर.

समोर रुबीनानं आवाज दिला, "लोड करतेय."

इस्माईलभाई उभे राहिले. इतक्या महिन्यांत ती लेनवर असताना ते तिच्याशी प्रथमच बोलले, आणि अगदी हळू. "बेटा, खाली ठेव."

तिनं वळून पाहिलं नाही. मॅगझीन काढलं, बोल्ट उघडा ठेवला, पिस्तूल टेबलावर ठेवलं. आणि मग वळली. भिंत पाहिली, आमच्या दोघांमधली ती जागा पाहिली. तिनं गळ्यातले, अजून कानावर न चढवलेले मफ काढले आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसली. राज्य स्पर्धा अकरा दिवसांवर होती. ती गेली नाही.

मी क्लबला लेखी विचारलं. उत्तर आलं, फ्रेमला हात लावायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? पोलीस ठाण्यात गेले. तिथं म्हणाले, जखमी कोण? मी म्हटलं, कुणी नाही. ते म्हणाले, मग तक्रार कशाची? माझ्या पेपरात बातमी गेली नाही. या वेळी संपादकांनी चष्माही पुसला नाही.

आमच्या रेंजवर टार्गेटं पूर्वेला आहेत. तिथं सुटणारी प्रत्येक गोळी पूर्वेला जाते. हे भोक पश्चिमेच्या भिंतीत आहे. सुभेदार म्हणतात, त्यांच्या देखत तिकडं गोळी सुटलेली नाही, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. दुसरी किल्ली कुणाकडं असते ते वर लिहिलं आहे.

फ्रेमचा खिळा भोकाच्या बरोबर दोन बोटं वर, मधोमध, नीट अंदाज घेऊन ठोकलेला आहे. तो कुणी ठोकला, हे आजपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही.