खंडेनवमीला निजलेली डिस्क

मी बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीनवर ओळ आली: डिस्क सापडत नाही. शेजारी उभे असलेले माने सर मटकन खुर्चीत बसले.

माने सरांचा लातूरला केमिस्ट्रीचा क्लास. मी नांदेडचा हार्डवेअर इंजिनीअर. मशीन मल्टी-यूजर होतं. म्हणजे कॉम्प्युटर एकच, त्याला जोडलेले चार टर्मिनल. टर्मिनलला स्वतःचं डोकं नसतं, नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड. चार शिक्षक एकाच वेळी प्रश्न टाइप करायचे. हे मशीन बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. मशीन बिचारं, वीज गेली तर इन्व्हर्टरवर, वर्षानुवर्षं अखंड चालू होतं.

"मग बंद कसं पडलं?" मी विचारलं.

"पडलं न्हाई, आम्हीच केलं," ऑफिस सांभाळणारे बिराजदार म्हणाले. "खंडेनवमी व्हती. त्या दिवशी हत्याराला आराम देतेत. दरसाली चालू मशीनलाच हळदकुंकू लावायचो, मनाला बरं वाटायचं न्हाई. यंदा म्हटलं रीतसर करावं."

रीतसर घातलेला झेंडूचा हार अजून मशीनवर सुकत होता. मला हसू आलं, पण सरांचा चेहरा बघून गिळलं.

"सर, प्रश्नांची कॉपी कुठंय?"

"कॉपी ठेवलीच न्हाई. इथं एक कागद झेरॉक्सच्या दुकानात गेला की दुसऱ्या दिवशी समोरच्या क्लासमध्ये शिकवतेत." शिक्षकांनी परस्पर कॉपी काढू नये म्हणून फ्लॉपी ड्राइव्हच्या तोंडावर त्यांनी चिकटपट्टी लावून वर सही केलेली होती. "सोमवारपासून टेस्ट सिरीज हाय. उदगीर, देवणीची पोरं खोल्या करून राहिलीत. माझ्याकडं मोठी बिल्डिंग न्हाई, ए.सी. न्हाई. हे प्रश्न तेवढे हायेत. ते गेले तर क्लासला कुलूप."

आधी मशीनमधली छोटी बॅटरी बदलली. आपल्याला कोणती डिस्क जोडली आहे, हे मशीन तिच्या जोरावर लक्षात ठेवतं. डिस्कवरच्या स्टिकरवरून आकडे परत भरले. तरी तीच ओळ. मग डिस्कवर तळहात ठेवला. एरवी आत चकती फिरते आणि हाताला थरथर लागते. इथं काहीच नाही.

रोग कळला. चकती फिरत असते तोवर वाचणारं हेड तिच्यावर तरंगतं. थांबली की हेड चकतीवर टेकतं. जुन्या डिस्कमध्ये ते तिथंच चिकटतं. ही कधी थांबलीच नव्हती, म्हणून आजवर निभावलं.

"सर, डिस्क हातात धरून झटका द्यावा लागेल. सुटली तर सुटली. नाहीतर हेड तुटेल आणि सगळंच जाईल."

सर खुर्चीतून उठून मशीनजवळ आले. मग म्हणाले, "द्या."

स्क्रू काढले, वायरी तशाच ठेवल्या. डिस्क दोन्ही हातांत आडवी धरली, बिराजदारांना बटण दाबायला सांगितलं आणि मनगटातून चटकन गोल हिसका दिला. काही नाही. मी पकड बदलली. दुसऱ्या हिसक्याला आत खट्ट झालं आणि हळूहळू चकतीचा सूर चढत गेला.

"आलं की हो!" बिराजदार ओरडले.

"हिचा भरवसा नाही. आधी कॉपी," मी म्हटलं.

सरांनी स्वतःच्या नखानं ती चिकटपट्टी काढली. दुपारभर आम्ही फ्लॉप्या बदलत बसलो. सगळे प्रश्न उतरले. मग सर म्हणाले, "अजून एक सेट काढा." तोही काढला. निघताना त्यांनी त्या दुसऱ्या सेटचा डबा माझ्या हातात दिला.

"हा नांदेडला तुमच्या घरी ठेवा."

मी बघतच राहिलो. स्वतःच्या शिक्षकांवर भरवसा न ठेवणारा माणूस!

"सर, हे बाहेर गेलं तर?"

"जाऊ द्या गेलं तर. भूकंपात आमचं गाव गेलं. माणसं, दाणे, कागद, सगळं एकाच घरात व्हतं."

सोमवारी टेस्ट झाली. ती डिस्क पुढं चारच महिने चालली, पण तोवर प्रश्न नव्या मशीनवर गेले होते. माझ्या धंद्यात बॅकअप म्हणजे काय हे समजावायला लागलं की लोक जांभया देतात. मी आता समजावत नाही. एवढंच विचारतो, दुसरं घर कुठलं?