संग्रहालयातलं आईचं लुगडं

मुंबईच्या संग्रहालयात टीव्हीवरच्या बाहुल्या मांडल्यात, असं माझ्या लेकीच्या, रिटाच्या बाईंनी वर्गात सांगितलं, आणि मी जायचं ठरवलं. त्यातल्या आजीबाहुलीच्या अंगावर माझ्या आईचं लुगडं आहे. बाहुल्या करणारे मास्तर आमच्याच आळीतले. त्यांनी चिंधी मागितली, तर आईनं रोजच्या लुगड्याचा तुकडा फाडून बाहुलीला स्वतः नेसवला. पुढच्याच वर्षी आई गेली. ठेवणीतलं लुगडं तिच्याबरोबर शवपेटीत गेलं, बाकीची गरिबांना वाटली. माझ्याकडे तिचं एक सूतही राहिलं नाही. रिटा तेव्हा पाळण्यात होती. तिनं आजीचं लुगडं पाहिलं ते शेजारच्या ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीवर, राखाडी.

शनिवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सकाळची मिस्सा करून निघालो. एस.टी.नं स्टेशन, पुढे गाडीनं चर्चगेट. तुम्ही गेलात तर तिथून बस करू नका, चालत सहज पोचता. डबाही घरून न्या. आम्ही आवारातल्या झाडाखाली भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. वास येतो, लोक बघतात, अशी रिटाची कुरकुर. बघू दे, त्यांना कुठे द्यायचीय, म्हटलं.

बाहुल्या वरच्या मजल्यावर, काचेच्या कपाटात. रिटा कपाटापुढे थबकली.

"ममी, आजी लाल नेसायची?"

"रोज. वाडीत शिंपणं करतानासुद्धा."

तिथल्या बाई कपाटं पुसत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कुलूप काढलं.

"साहेब जेवायला गेलेत. लुगडं सोडून देते, घ्या घटकाभर हातात."

माझा हात पुढे झाला होता. तेवढ्यात बाहुलीच्या कमरेची गाठ दिसली. काम करताना सुटू नये म्हणून आई गाठीवर गाठ मारून टोक आत खोचायची. तस्संच होतं. तिच्यानंतर कुणी हात लावला नव्हता.

"नको ताई," मी म्हटलं. "राहू दे."

बाई जरा गोंधळल्या, पण त्यांनी कपाट लावून घेतलं.

घरी पोचलो तेव्हा देवळात संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होत होती. मी चूल पेटवली. रिटा पाठीशी येऊन उभी राहिली. इतक्या लांब गेलो, मग हातात का नाही घेतलंस, म्हणाली.

"गाठ सोडली असती गं," मी म्हटलं. "पण परत तशी मारायला आजी कुठून आणायची?"