पाण्याच्या वासाला तीन शब्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी एरवी काहीच लपवत नाही.

बोईसरच्या एका कारखान्यात मी अकाउंट्स बघतो. बेरीज जुळली नाही तर मला जेवण जात नाही. मग शब्द चुकीचा दिला तेव्हा जेवण कसं गेलं?

क्रमाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मुख्य ऑफिसातून एक साहेब आले होते, दक्षिणेकडचे. कारखान्याचं सांडपाणी विहिरीत उतरतं, अशी मागच्या पाड्यावरून तक्रार होती. साहेबांना ना मराठी येत होती, ना हिंदी. माझं इंग्रजी बरं, म्हणून मॅनेजर मला सोबत घेऊन गेले.

विहिरीवर पाड्यातल्या लखमीबाई कळशी घेऊन उभ्या होत्या. साहेब गाडीजवळूनच प्रश्न विचारत होते. त्या म्हणाल्या, "झाकून ठेवलं तरी मेल्या जनावरासारखा वास मारतो. आमी नाक धरून पितो."

याला इंग्रजीत स्टेंच म्हणतात. मला तो शब्द येत होता — हे मुद्दाम सांगतो. मॅनेजर माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "स्लाइट ओडर."

ओडर म्हणजेही वासच, नाही का? पण तो औषधाच्या बाटलीला असतो, नव्या रंगाला असतो. त्याने कुणी तोंड फिरवत नाही. साहेबांनी मान डोलावली आणि गाडीत बसले.

लखमीबाईंनी मला थांबवलं. "भाऊ, नीट सांगलं ना? त्यांच्यात हाय ना तसा शब्द? नायतर त्यांना वाटंल, आमच्या विहिरीत मोगरा लावलाय."

"तसंच सांगितलं, बाई," मी म्हणालो.

पाणी कुणी तपासलं नाही. पाडा तेच पीत राहिला. पुढच्या पावसाळ्यानंतर तिकडून गेलो तर लखमीबाईंचं दार बंद. शेजारीण म्हणाली, "पोटानं गेली." पाण्यानेच का? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

त्यानंतर आमच्या पालघरच्या घरात वास यायला लागला. पिण्याच्या पाण्याला — झाकलेल्या, गाळलेल्या. मी टाकी धुऊन घेतली, फिल्टर बदलला, प्रयोगशाळेत नमुना दिला. सगळे आकडे मर्यादेत. बायको म्हणाली, "आता तुमचं नाकच द्या तपासायला." आणि मला बरं वाटलं. वास फक्त मलाच येतो ना — मग हरकत नाही, असं मी धरून चाललो. नाक धरून पीत राहिलो.

काल संध्याकाळी मुलगी इंग्रजीचा अभ्यास करत होती. स्मेल, ओडर, स्टेंच — बाबा, यांत फरक काय? मी समजावलं. अगदी नीट, उदाहरणं देऊन. स्टेंचसाठी मेलेल्या जनावराचं दिलं.

तिने लिहून घेतलं. मग पाण्याचा पेला उचलला, आणि तो ओठांपाशीच थांबला. तिने पुन्हा वास घेतला. माझ्याकडे बघितलं.

"बाबा, मग याला यातलं काय म्हणायचं?"

मलाही येत होता. त्या क्षणी तर फारच.

"ओडर," मी म्हणालो. "थोडासा."

ती प्यायली.